वळणावर ऑइल कुठे जातं?

आजचा विषय आहे ट्रॅकवर स्पोर्ट्स कार पळवताना इंजिन ऑइलचं काय होतं.

लातूर-नांदेडकरांना हे लगेच कळेल. बोअरचं पाणी खाली गेलं की मोटर हवा ओढते, आणि तशीच चालू ठेवली तर जळते. इंजिनचंही तसंच आहे. ऑइल खालच्या चेंबरमध्ये असतं, पंप ते तिथून ओढतो. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला 3.7 किमीचा ट्रॅक आहे. अशा ट्रॅकवर लांब वळण जोरात घेतलं, की ऑइल एका बाजूला चढतं. वळणाचा जोर 1 जी झाला, तर पातळी 45 अंश कलते! पंपाच्या तोंडाशी हवा येते, प्रेशर पडतं, आणि बेअरिंग काही सेकंदांत खराब होऊ शकतात.

मग करायचं काय? गाडी सपाट जागी लावून लेव्हल वरच्या खुणेपाशी ठेवा. खुणेच्या वर नको, कारण क्रँक ऑइल घुसळतो आणि फेस होतो. चेंबरमध्ये बॅफल, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या पट्ट्या, बसवून घ्या. प्रेशर गेज लावा, कारण लाल दिवा बहुतेक गाड्यांत प्रेशर फार पडल्यावरच लागतो. ऑइल तापलं की पातळ होतं, म्हणून मधूनमधून एखादा लॅप सावकाश मारा.

आणि दिवा लागलाच, तर लॅप पुरा करायचा मोह नको. ॲक्सिलरेटर सोडा, मागचं बघून गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. लॅप पुन्हा मारता येतो, इंजिनचा खर्च मात्र खिसा रिकामा करतो. भेटू पुढच्या भागात!