दुसरी सही कोणाची?
(अंधेरी येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



शिष्यवृत्ती-निधीच्या खात्यावर दुसरी सही कोणाची असावी, याविषयी कार्यकारी मंडळात मतभेद आहेत, हे आपणांस विदित आहेच. आपले काही तरुण सीप्झमध्ये संगणकाच्या नोकऱ्या करतात. त्यांच्या व्यवसायात या प्रश्नाचा पुष्कळ खल झालेला आहे. आम्ही पडलो मॅट्रिक. जे समजले ते नातवंडांच्या कृपेने.

मराठी विकिपीडिया हा ज्ञानकोश २००३ साली सुरू झाला. तेथील बहुतेक लेखांत कोणीही भर घालावी. बिघडले तर जुनी प्रत जपलेली असतेच. परंतु लेख काढून टाकणे वा एखाद्यास लेखनबंदी करणे हे अधिकार मोजक्या ‘प्रचालकां’कडे असतात व त्यासाठी सदस्यांचा कौल घेतात. चर्चेच्या जागेस त्यांनी ‘चावडी’ म्हटले आहे, हे आम्हांस फार आवडले.

१९९९ साली स्थापन झालेल्या अपाचे संस्थेची रीतही अशीच. नवख्याने दुरुस्त्या पाठवाव्यात, जुन्यांनी त्या तपासाव्यात. काम पसंतीस उतरले की जुनी मंडळी आपसांत मत घेऊन त्यास थेट लिहिण्याचा अधिकार देतात. पदवी कोणी विचारीत नाही. लिनक्सचे टोरवाल्ड्झ मात्र अधिक सावध. तेथे हजारोंचे काम विभागप्रमुखांच्या हातून गाळून येते आणि मूळ प्रतीत मुख्यत्वे ते स्वतःच घालतात.

आता दुसरी बाजू. ‘एक्सझेड’ नावाचे एक लहानसे परंतु जगभर वापरले जाणारे साधन एकच गृहस्थ विनावेतन सांभाळीत होते. प्रकृतीने ते थकले होते. २०२१ पासून एक अनोळखी साहाय्यक टोपणनावाने चोख काम करू लागला. ‘यास अधिकार द्या’ असा तगादा इतर काही अनोळखी नावांनी लावला. अधिकार मिळाला, आणि २०२४ च्या आरंभी त्याने त्यात चोरवाट घातली! अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास संगणकात प्रवेश करताना अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले, त्याने मूळ शोधले, म्हणून अनर्थ टळला.

दोन-अडीच वर्षांचे चोख कामही तेथे पुरे पडले नाही, कारण तपासणारा माणूस एकटा आणि थकलेला होता. आपले कोषाध्यक्ष एकटेच किती वर्षे हिशेब ओढीत आहेत, हे आपण जाणता. म्हणून आमची सूचना अशी: दोन वर्षे हिशेब लिहिलेल्या कोणाही तरुणास वा तरुणीस, सभेचा कौल घेऊन, दुसरी सही द्यावी, घराणे पाहू नये. आणि पासबुक दर तिमाहीस, सही करणाऱ्यांखेरीज अन्य दोघांनी पाहावे. ही सूचना आम्ही लेखी देत आहोत.