स्थानकापासून धक्क्यापर्यंत

अक्कलकोट रोड एमआयडीसींतील टॉवेलच्या कारखान्यांत काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी गेल्या वर्षीं मुंबईस गेला. मुलास प्रवासी जहाजावर प्रथमच नोकरी लागली होती; त्यास निरोप द्यावयाचा होता. सिद्धेश्वर एक्सप्रेसमधून उतरतांच एका टॅक्सीवाल्यानें गोंधळलेल्या बापलेकांकडून दिवसभराची मजुरी उकळली. अंतर मात्र जेमतेम दीड किलोमीटर!

म्हणून सांगतों. छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसबाहेर पडून १९१३ सालच्या जनरल पोस्ट ऑफिसकडे वळावें. तेथून वालचंद हिराचंद मार्गानें बॅलार्ड इस्टेटींत शिरावें. पुढेंच बॅलार्ड पिअरचा धक्का. सामान हलकें असेल तर वीस-पंचवीस मिनिटांत, एक पैहि न वेंचतां माणूस पोंचतो. जड असेल तर टॅक्सी अवश्य करावी. पण मीटर पाडावयास लावूनच बसावें.

वालचंदशेठ आपल्या सोलापुरचे. त्यांनीं सहकाऱ्यांसह स्थापिलेल्या सिंदिया कंपनीचें ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजीं मुंबईहून लंडनकडे निघालें. त्यांच्याच नांवाच्या रस्त्यावर सोलापुरकरानें वाट विचारण्यास कां संकोचावें?

परवां मुलगा दुसऱ्या खेपेस निघाला, तेव्हां दोघे पायींच गेले. “गुरुजी, वाटेंत पुष्कळ बोलणें झालें,” असें बाप मला म्हणाला. पैसे वांचले, हें त्यास मागाहून आठवलें.