आमचेही गुण धरा

(तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो, आणि इथे बसलेल्या माझ्या आईच्या वयाच्या साऱ्याजणींनो,

माझ्या भाषणाचा विषय ऐकून काहीजणींना वाटलं असेल, ही अमेरिकेत शिकायला गेली, तिथे सायकलच्या शर्यती खेळली, त्याचं आपल्याला काय? आपल्यापुढे पाण्याचा प्रश्न आहे, दारूचा आहे, पोटगीचा आहे. बरोबर आहे. पण बाईला एखाद्या ठिकाणी जागा कशी मिळते आणि मिळालेली जागा टिकते कशी, हा प्रश्न आपल्या सगळ्यांचाच आहे. मला तो सायकलच्या शर्यतीत नीट कळला, म्हणून बोलते.

मी तासगाव तालुक्यातली. आठवी ते दहावी सायकलवरून शाळेत गेले. दहावी झाली आणि सायकल धाकट्या भावाकडे गेली. कुणी मारलं नाही, कुणी बंदी घातली नाही. "आता एस.टी.नं जा," एवढंच. तुमच्यापैकी कितीजणींची सायकल अशीच गेली असेल! २०१६ साली अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या एका विद्यापीठात एम.एस.साठी गेले, तेव्हा मी आठ वर्षं सायकलला हात लावलेला नव्हता.

तिथल्या विद्यापीठात खेळ दोन तऱ्हेचे असतात. बास्केटबॉल, फुटबॉल अशा खेळांना पगारी प्रशिक्षक असतात, मोठी मैदानं असतात. दुसरे क्लबचे खेळ, ते विद्यार्थीच चालवतात. अध्यक्ष, खजिनदार आपसात निवडायचे, वर्गणी काढायची, विद्यापीठाकडून थोडं अनुदान मागायचं. बहुतेक ठिकाणी सायकलिंग हा असा क्लबचा खेळ आहे. कारभार थेट आपल्या बचत गटासारखा. बैठकीत वादावादी, हिशेबाची वही, आणि राबणारी माणसं चारच.

सत्राच्या सुरुवातीला हे क्लब टेबलं मांडून बसतात. सायकलच्या टेबलावरच्या मुलीने मला हाक मारली. मी म्हटलं, माझ्याकडे सायकल नाही, मी शर्यत कधी पाहिलेलीसुद्धा नाही. ती म्हणाली, सायकल क्लबची वापर, शर्यत आम्ही शिकवू, तू फक्त ये. मुलगी मनाने चांगली होतीच. पण क्लबच्या या आग्रहामागे एक नियमही होता, आणि तोच मला आज तुम्हाला सांगायचाय.

आमच्या आंतरविद्यापीठ शर्यतींत स्पर्धकाच्या क्रमांकाप्रमाणे गुण मिळत आणि ते विद्यापीठाच्या बेरजेत जमा होत. मुलांचे होत तसे मुलींचेही. शिवाय अनुभवाप्रमाणे गट पाडलेले होते. नव्या मुलीला दहा वर्षं शर्यत खेळलेल्या बाईशी झुंजायला लागत नसे. नवखीने नवखींच्या गटात खेळायचं, आणि तिचेही गुण मोजले जायचे. ज्या क्लबात मुली नाहीत, त्याचं एक पारडं रिकामं राहायचं. त्यामुळे मुली शोधणं, शिकवणं, टिकवणं ही क्लबचीच गरज होऊन बसली. आमच्यावर कुणी उपकार करत नव्हतं.

यामागे तिथल्या बायकांनी लढून टिकवलेला एक कायदाही आहे. १९७२ साली, आपल्याकडे दुष्काळ पडला होता त्या साली, अमेरिकेत 'टायटल नाइन' हा कायदा झाला. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, असं तो सांगतो. खेळही त्यात आले. कायदा झाला म्हणून लगेच सारं बदललं असं नाही. कोर्टात जावं लागलं, विद्यापीठांशी भांडावं लागलं. पण भांडायला हातात कागद होता.

आता शर्यतीबद्दल. वसंत ऋतूत, मार्चपासून, जवळजवळ दर शनिवार-रविवारी शर्यत. शुक्रवारी रात्री गाड्यांत सायकली भरायच्या, दुसऱ्या विद्यापीठाच्या गावी कुणाच्या तरी खोलीत जमिनीवर झोपायचं, पहाटे उठून ओट्स खायचे. नवख्या मुलींना शर्यतीआधी एक अनुभवी सायकलपटू बाई शिकवायची. पुढच्या चाकाच्या मागे वीतभर अंतर ठेवून कसं चालवायचं, वळणावर ब्रेक वळायच्या आधी कसा मारायचा, शेजारणीच्या कोपराला कोपर लागलं तर न बिचकता सरळ कसं जायचं.

सायकलवर खरा शत्रू वारा असतो. पुढची बाई वारा कापते, मागचीला त्याच वेगासाठी कमी ताकद लागते. अगदी चाकाला चाक लावून चाललं, तर साधारण पाव ते तिसरा हिस्सा ताकद वाचते. म्हणून पुढे राहायची पाळी लावतात. एक शर्यत तर चौघींनी मिळून घड्याळाशी खेळायची. त्यात वेळ धरली जायची ती तिसरीची. पहिली कितीही जोरात पळाली तरी उपयोग शून्य. जी मागे पडतेय तिला आडोसा देत, तिच्या दमाप्रमाणे वेग ठरवत जायचं. संघटना म्हणजे काय, हे मी शिबिरांतून पुष्कळ ऐकलं होतं. पायांना कळलं ते तिथे.

शरीराबद्दलही बोललं पाहिजे. शर्यतीची चड्डी अंगाला घट्ट असते, आत गादी शिवलेली असते, आणि ती अंतर्वस्त्राशिवाय घालायची असते, नाहीतर कातडी सोलवटते. हे मला मुलींनीच सांगितलं. बैठकीचं हाड जिथे टेकतं तिथे सीटची रुंदी बसली नाही, तर तासाभरात अंग बधिर होतं. कितीतरी बायका सायकल सोडतात ती या दुखण्यापायी, आणि समजतात की आपलंच शरीर नाजूक. दोष शरीराचा नसतो, चुकीच्या मापाच्या सीटचा असतो.

दुसरी गोष्ट वजनाची. चढावर हलकं शरीर लवकर जातं, म्हणून मुली जेवण तोडायच्या. आमच्यातल्या एकीची पाळी चार महिने आली नव्हती, आणि ती म्हणायची, बरंच झालं, कटकट गेली! श्रमाच्या मानाने अन्न कमी पडलं की शरीर पाळी थांबवतं, हाडं ठिसूळ होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन इशारा दिला. मला मात्र ती ऐकताना आपल्याकडच्या बाया आठवत होत्या. दिवसभर राबून सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खाणाऱ्या. कारणं वेगळी, उपाशी शरीर तेच.

तिथे सगळं आलबेल होतं असं समजू नका. एका सायकलच्या दुकानात मी ब्रेकबद्दल विचारलं, तर दुकानदाराने उत्तर दिलं माझ्याबरोबरच्या मुलाला. शर्यतीला आलेल्यांत माझ्या रंगाची बाई बहुतेक वेळा मी एकटीच. आणि हा खेळ महाग आहे. मी विद्यापीठात शिकवण्याचं काम करून पोट भरत होते. क्लबची उसनी सायकल नसती तर मी सुरुवातच करू शकले नसते.

आणि जगाच्या शर्यतीत बायकांना जागा किती उशिरा मिळाली पाहा. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची सायकल शर्यत १८९६ पासून. बायकांची रोड शर्यत पहिल्यांदा झाली १९८४ साली, लॉस एंजेलिसला. फ्रान्समधली 'टूर द फ्रान्स' १९०३ साली सुरू झाली. तिच्याबरोबरीने बायकांची टूर १९८४ साली निघाली आणि १९८९ नंतर बंद पडली. पुढे दुसऱ्यांनी तशा शर्यती भरवल्या, त्याही टिकल्या नाहीत. मूळ टूरच्या आयोजकांनी अनेक दिवसांची बायकांची टूर पुन्हा सुरू केली ती २०२२ साली. मधल्या काळात बायकांचे पाय थकले नव्हते. पैसा आणि मर्जी आटली होती. मर्जीवर मिळालेली जागा मर्जी फिरली की जाते.

आपल्या देशातही उदाहरणं आहेत. तामिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो बाया सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या. लेडीज सायकली मिळेनात तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. लोकांनी टोमणे मारले, त्या थांबल्या नाहीत. कारण जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल हा साक्षरतेच्या कामाचाच भाग केला होता. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले आणि माध्यमिक शाळेतली मुलींची संख्या वाढली. दोन्हीकडे हिंमत बायकांचीच होती. पण ती चालावी म्हणून कुणीतरी रस्ता करून ठेवला होता.

म्हणून माझं सांगणं एवढंच. मुलींना नुसतं "धीट व्हा" म्हणू नका. आपल्या तालुक्यातल्या कॉलेजांत जाऊन चार प्रश्न विचारूया. क्रीडा शुल्क मुलींकडूनही घेता, त्यातलं त्यांच्या खेळावर किती खर्च होतं? भारतीय विद्यापीठ संघ आंतरविद्यापीठ सायकल स्पर्धा भरवतो, त्यात मुलीही असतात. तुमच्या कॉलेजातल्या किती मुलींच्या कानावर हे गेलंय? कपडे बदलायला कडी लागणारी खोली आहे का? मुलींना वापरायला देता येतील अशा चार सायकली आहेत का?

आणि गावची शर्यत असो की कॉलेजचं संमेलन, मुलींचा नवखा गट ठेवा, बक्षीस मुलांइतकंच द्या, आणि वर्गाच्या, गावाच्या, संघाच्या बेरजेत तिचे गुण धरा. मग बघा, जी माणसं आज म्हणतात मुली येतच नाहीत, तीच घरोघरी मुली शोधत फिरतील.

घरी गेल्यावर आणखी एक करा. पोरीची दहावी झाली की सायकल कोणाकडे जाते, तेवढं बघा. आणि तिच्याकडेच राहू द्या.

माझं बोलणं संपलं. आता तुम्ही विचारा.