वायमारला एक दिवस द्यावा का?



युरोपला जाऊन आलेली किंवा जायच्या तयारीत असलेली माणसं आता आपल्याकडे गावोगाव भेटतात. कुणी टूर कंपनीबरोबर जातं, कुणी तिकडे नोकरीला असलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे. अडचण दोघांचीही एकच असते. पैसे कसेबसे जमवता येतात, दिवस जमवता येत नाहीत. बारा दिवसांच्या सहलीतले दोन दिवस विमानातच जातात. उरलेल्या दहांत पॅरिसचा मनोरा बसवायचा, स्वित्झर्लंडचा बर्फ बसवायचा, व्हेनिस आणि रोमही बसवायचं. अशा वेळी यादीत एखादं अनोळखी नाव शिरलं की घरात लगेच वाद सुरू होतो.

जर्मनीच्या बेतात मी ‘वायमार’ असं लिहिलं, तेव्हा फ्रँकफर्टला राहणारी माझी भाची फोनवर म्हणाली, "मामू, त्या एका दिवसात ऱ्हाइन नदीतली बोटीची सफर होईल. वायमारला बघण्यासारखं आहे तरी काय?"

प्रश्न रास्त होता. आज त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करणार आहे.

आधी गावाची तोंडओळख. वायमार हे जर्मनीच्या मध्यभागातलं, थुरिंगिया प्रांतातलं, साधारण पासष्ट हजार वस्तीचं शहर. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढं. फ्रँकफर्टहून रेल्वेनं साधारण अडीच तास लागतात, बर्लिनहूनही जवळपास तेवढेच. बहुतेक वेळा एरफुर्टला गाडी बदलावी लागते. इथं उंच मनोरा नाही, तळं नाही, बर्फाचा डोंगर नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी हिंडता येतं.

पण शाळेच्या इतिहासात हे नाव आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीची राज्यघटना लिहिणारी सभा 1919 मध्ये इथल्या नाट्यगृहात भरली, म्हणून त्या राजवटीला वायमार प्रजासत्ताक म्हणतात. त्याच वर्षी याच गावात ‘बाउहाउस’ ही कलाशाळा निघाली. आज आपण ज्या साध्या, सरळ रेषांच्या खुर्च्या आणि टेबलं वापरतो, त्यांच्या घडणीवर या शाळेची मोठी छाप आहे. आणि त्याच्याही आधी, 1775 मध्ये, सव्वीस वर्षांचा एक कवी इथं राहायला आला आणि 1832 मध्ये मरेपर्यंत इथलाच झाला. तो म्हणजे गटे.

एखादं गाव वाटेतून आडबाजूला जाऊन पाहावं की नाही, हे ठरवताना मी एक कसोटी लावतो. तिथं जे आहे ते घरी बसून, पुस्तकातून मिळतं का? मिळत असेल तर तिकिटाचे पैसे वाचवावेत आणि पुस्तक आणावं. या कसोटीला वायमार उतरतं का, ते पाहू.

गटेपासून सुरुवात करू. मराठी माणसाची त्याच्याशी ओळख निघते ती कालिदासामुळे. विल्यम जोन्सनं शाकुंतलाचं इंग्रजी भाषांतर 1789 मध्ये प्रसिद्ध केलं. त्यावरून गेओर्ग फोर्स्टरनं 1791 मध्ये जर्मन भाषांतर केलं. ते वाचून गटे हरखून गेला, त्यानं शकुंतलेवर चार ओळी लिहिल्या. पुढे ‘फाउस्ट’ लिहिताना नाटकाच्या आधी नाट्यगृहातलाच एक प्रवेश घातला, तो संस्कृत नाटकातल्या सूत्रधाराच्या प्रस्तावनेवरून सुचला असं मानतात. त्यानंतर सुमारे नव्वद वर्षांनी, 1880 मध्ये, अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं आणि मराठी संगीत नाटकाला बहर आला. एकाच नाटकानं दोन दूरच्या भाषांना असं काही दिलं.

गटेचा दुसरा पौर्वात्य सखा म्हणजे शिराझचा हाफिज. चौदाव्या शतकातला हा फारसी गझलकार गटेला भेटला तो 1814 मध्ये, हामर नावाच्या विद्वानाच्या भाषांतरातून. गटे तेव्हा पासष्टीला आला होता. त्या वयात माणसं जुन्या कवितांचे संग्रह काढतात. यानं हाफिजला जुळा भाऊ मानून नवा संग्रह लिहायला घेतला. तो 1819 मध्ये ‘पश्चिम-पूर्व दिवाण’ या अर्थाच्या नावानं निघाला. आपल्याकडे फारसीचे प्राध्यापक माधव जूलियन यांनी गझल मराठीत रुजवली, ‘गज्जलांजलि’ 1933 साली आली. म्हणजे हाफिजच्या घराण्याशी आपलंही नातं आहेच.

वायमारमध्ये या दोन कवींचं स्मारक आहे. 2000 च्या जुलैत जर्मनीचे राष्ट्रपती योहानेस राऊ आणि इराणचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद खातमी यांनी त्याचं अनावरण केलं. पुतळे नाहीत. दगडाच्या दोन मोठ्या खुर्च्या समोरासमोर ठेवल्या आहेत, एकच दगड चिरून घडवलेल्या. एक पूर्वेला, एक पश्चिमेला. मधल्या जमिनीवर हाफिजची गझल फारसीत आहे. आमच्या घरी उर्दूची लिपी होती, म्हणून ती अक्षरं मला ओळखीची वाटली. अर्थ मात्र अर्धाच लागला. तरी जर्मनीतल्या लहानशा गावात, चौकात, ऊनपावसात ती अक्षरं कुणी सांभाळून ठेवली आहेत, याचं मला फार बरं वाटलं.

एवढं सांगूनही प्रामाणिकपणे म्हणतो, की केवळ यासाठी वायमारला जायलाच हवं असं नाही. गटे स्वतः कधी इराणला गेला नाही, भारतातही आला नाही. त्यानं वायमारच्या घरात बसून हाफिज वाचला, कालिदास वाचला, आणि त्याचं अडलं नाही. आपलंही अडणार नाही. त्याचं घर, त्यातली साधी अभ्यासिका, शिलरचं घर, नाट्यगृहासमोरचा 1857 चा दोघांचा पुतळा, हे सगळं पाहायला छान आहे. पुतळ्यात दोघं सारख्याच उंचीचे दाखवलेत, खरं तर शिलर बराच उंच होता. कवींची उंची सरकारनं अशी जुळवून द्यावी, याची गंमत वाटते. पण हे मी सांगितलं आणि तुम्ही ऐकलं, तेवढ्यात बरंचसं तुमच्यापर्यंत पोचलंच.

ॲना अमालिया ग्रंथालयाची गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र राहवत नाही. 2 सप्टेंबर 2004 च्या रात्री त्याला आग लागली. सुमारे पन्नास हजार पुस्तकं जळाली, आणखी साठ हजारांहून अधिक पाण्यानं आणि आगीनं खराब झाली. लोकांनी रांग धरून, हातोहात देत हजारो पुस्तकं बाहेर काढली. ग्रंथालय दुरुस्त होऊन 2007 च्या ऑक्टोबरात पुन्हा उघडलं. पुस्तकांसाठी मध्यरात्री घराबाहेर पडणारं गाव, असा माझ्या मनात वायमारचा एक फोटो तयार झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहा नंबरच्या बसमध्ये बसलो. या बसच्या पाटीवर शेवटच्या थांब्याचं नाव असतं बुखेनवाल्ड. शब्दाचा अर्थ बीच झाडांचं जंगल. शहरापासून आठ किलोमीटरवर, एटर्सबर्ग नावाच्या टेकडीवर, 1937 ते 1945 नाझींची छळछावणी होती. जवळजवळ दोन लाख ऐंशी हजार माणसं तिथं कोंडली गेली. सुमारे छप्पन्न हजार मेली. बस शहर सोडते, झाडी सुरू होते, आणि वीसेक मिनिटांत तुम्ही तिथं उतरता. त्या रस्त्याचा शेवटचा भाग कैद्यांकडूनच बांधून घेतलेला आहे.

ही टेकडी गटेची फिरायची जागा होती. छावणीला आधी टेकडीचंच नाव दिलं होतं. शहरातल्या नाझी सांस्कृतिक संस्थेनं त्याला हरकत घेतली. एटर्सबर्ग हे नाव गटेच्या आठवणीशी जोडलेलं, ते छावणीला कसं चालेल? म्हणून बुखेनवाल्ड हे नवं नाव शोधलं गेलं. श्रोतेहो, हरकत नावाला होती. छावणीला नव्हती.

मी तीसेक वर्षं कविता लिहितो. कविता माणसाला थोडं तरी बरं करते, या समजुतीवर माझं दुकान चाललं आहे. त्या टेकडीवर या समजुतीचं काय करायचं, ते मला कळेना. या गावात मुलांना शाळेत गटे शिकवला जात होता. घरोघरी त्याची पुस्तकं होती. आणि छावणीत मेलेल्यांची प्रेतं सुरुवातीला गावातल्याच दाहिनीत जाळली जात होती. टेकडीवर स्वतःची दाहिनी 1940 मध्ये झाली. कैद्यांच्या गाड्या गावाच्याच स्टेशनात येत. एप्रिल 1945 मध्ये अमेरिकी सैन्य पोचल्यावर त्यांच्या सेनापतीच्या हुकमानं गावातल्या सुमारे हजार लोकांना वर चालत नेऊन छावणी दाखवण्यात आली. पुष्कळांनी सांगितलं, आम्हाला काही माहीत नव्हतं.

छावणीच्या लोखंडी दारावर अक्षरं आहेत. त्यांचा अर्थ ‘ज्याचं त्याला’. ती बाहेरून नाही, आतून वाचता येतील अशी बसवली आहेत, म्हणजे कैद्यांनी रोज वाचावीत म्हणून. ती आखली फ्रान्झ एर्लिश नावाच्या कैद्यानं. तो बाउहाउसचा विद्यार्थी. नाझींना ती कलाशाळा डोळ्यांसमोर नको होती, आणि यानं त्यांच्याच हुकमावरून त्या शाळेच्या वळणाची अक्षरं त्यांच्याच दारावर बसवली. पहारेकऱ्यांच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्या प्रश्नाला थोडंसं उत्तर मिळालं ते या दारापाशी. कलेनं छावणी थांबवली नाही. पण छावणीच्या आत एका माणसानं तिच्या आधारानं स्वतःचं काहीतरी शिल्लक ठेवलं. याहून मोठा दावा मी आता कवितेच्या नावानं करत नाही.

आत मोकळं मैदान आहे, कारण बराकी पाडून टाकल्या आहेत. मैदानात एक पोलादी पत्रा जमिनीत बसवला आहे. त्यावर कैद्यांच्या देशांची आणि समाजांची नावं कोरली आहेत. तो बारा महिने सदतीस अंशांवर गरम ठेवतात. सदतीस म्हणजे माणसाच्या अंगाची ऊब. थंडीत लोक खाली वाकून त्यावर तळवा ठेवतात. मीही ठेवला.

आणि इथं माझ्या कसोटीला उत्तर मिळालं. गटे पुस्तकात मिळतो, छावणीचे आकडेही पुस्तकात मिळतात. त्या दोघांमधलं आठ किलोमीटरचं अंतर पुस्तकात मिळत नाही. ते बसमध्ये बसूनच कळतं. किती थोडं आहे ते. आपल्या गावापासून आठ किलोमीटरवर काय चाललं आहे, ते आपल्याला माहीत आहे का, हा प्रश्न परतीच्या बसमध्ये आपोआप मनात येतो, आणि तो जर्मनीपुरता राहत नाही.

म्हणून माझा सल्ला असा. आईवडिलांना आयुष्यात एकदाच युरोप दाखवत असाल आणि त्यांना बर्फ पाहायचा असेल, तर वायमार खुशाल सोडा. बरोबर लहान मुलं असतील तर ती टेकडी त्यांच्यासाठी नाही. पण फ्रँकफर्ट ते बर्लिन असा प्रवास करणार असाल, तर मधे उतराच. हाती फक्त अर्धा दिवस असेल तर नाट्यगृहाचा चौक पाहून सरळ टेकडीवर जा. दोन दिवस असतील तर पहिला दिवस गावाला, दुसरी सकाळ टेकडीला. उलट क्रम लावू नका, वरून आल्यावर कवीच्या दिवाणखान्यात मन लागत नाही. छावणीच्या स्मारकाला तिकीट नाही. वर वारा बोचरा असतो, स्वेटर हवाच. ग्रंथालयात रोज ठरावीक लोकांनाच सोडतात, आधी नोंदणी करावी. जुन्या वास्तूंची दुरुस्ती सतत चालू असते, तेव्हा गटेचं घर उघडं आहे ना, हेही विचारून घ्यावं. तिकीट काढताना सोमवार टाळा, त्या दिवशी संग्रहालयं बंद असतात. आणि परतीची गाडी त्याच संध्याकाळची घेऊ नका. टेकडीवरून आल्यावर माणसाला थोडा वेळ गप्प बसायला लागतो. त्यासाठी त्या दोन दगडी खुर्च्यांजवळचा चौक चांगला आहे.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)