गाडीतले मुके सॉकेट

मोटारीत चालकाच्या हाताशी एक गोल सॉकेट असते. पूर्वी ते सिगारेट पेटवण्यासाठी असे. आता मोबाईल चार्ज करायला नाहीतर चाकात हवा भरायच्या पंपाला लागते. रात्री आडरस्त्याला चाक बसावे, पंप लावावा आणि त्याने हूं की चूं करू नये, अशी पाळी आली तर?

आधी घाई नको. काही गाड्यांत किल्ली फिरवल्याखेरीज तिथे वीज येतच नाही. ते पाहिलेत? मग दुसरे उपकरण लावा. कित्येकदा सॉकेट ठणठणीत असते, पंपाच्या पिनेतलाच छोटा फ्यूज उडालेला असतो. तसेही नसेल तर किल्ली काढून गाडीची फ्यूजपेटी उघडा.

फ्यूज उडालेला दिसला, तर नवा घालण्याआधी विजेरीच्या उजेडात सॉकेटात डोकावा. आत एखादे नाणे पडलेले सापडायचे! मधली खुंटी धन, भोवतालचा पत्रा ऋण; नाण्याने दोन्ही टेकली की शॉर्ट झालाच. नवा फ्यूजही तितक्याच अँपिअरचा हवा. एका जीपवाल्याने १५ च्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळला. भर घाटात डॅशबोर्डामागून धूर आला. कागद शाबूत आणि वायर जळालेली!

फ्यूज चांगला, तरी सॉकेट मुके? मग १२ व्होल्टचा दिवा घ्या. एक टोक मधल्या खुंटीला, दुसरे गाडीच्या रंग नसलेल्या लोखंडाला लावा. टोक तिरपे होऊन पत्र्याला टेकू देऊ नका, बरं का! दिवा पेटला, म्हणजे धन बाजू ठीक. आता दुसरे टोक सॉकेटच्या पत्र्याला लावा. पेटला नाही, तर दोष अर्थच्या वायरीत. पावसाळी मुलखात तिचा स्क्रू हमखास गंजतो. बॅटरीचे ऋण टोक सोडून तो पॉलिश पेपरने घासा आणि घट्ट आवळा.

शिक्षकबंधूंनी एक गंमत वर्गात जरूर सांगावी. वायरीचा एकच तंतू शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण त्याला प्रवाह नावालाच लागतो. १२० वॅटच्या पंपाला मात्र १० अँपिअर हवेत. तो बसून राहतो. म्हणून तपासायला ब्रेकदिव्याचा २१ वॅटचा बल्ब बरा. तो मिणमिणला, की जोड कच्चा समजा.

आणि हो, नव्या गाड्यांत पिवळ्या वेष्टनाच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या. तिथे हा दिवा मुळीच लावू नका.