दुधाचे पातेले आणि धातूचे विष

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत घडलेली तांब्या-पितळेची भांडी महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदली. बालकांच्या एका जीवघेण्या रोगाचा माग याच धातूंच्या भांड्यांपर्यंत पोहोचेल, अशी शंका फार काळ कोणास आली नाही. सहा महिन्यांचे, वर्षा-दोन वर्षांचे मूल चिडचिडे होई, पोट फुगे, यकृत हातास कठीण लागे. पुढे कावीळ, पोटात पाणी आणि बहुधा काही महिन्यांत मृत्यू. एकाच घरातील दोन-दोन मुले अशी जात. दोष कुळाचा, असाच समज त्यामुळे बळावे. वैद्यकाने या रोगास ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ असे नाव दिले. परंतु नाव दिल्याने कारण उलगडत नाही.

ते उलगडण्यात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचा वाटा मोठा आहे. तेथील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी रुग्ण-बालकांच्या आहाराचा मागोवा घेतला. आईचे दूध लवकर सुटलेले आणि वरचे दूध पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवलेले, असे चित्र वारंवार दिसले. १९८३ साली हे निरीक्षण ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दुधातील केसीन हे प्रथिन भांड्याचे तांबे धरून ठेवते आणि ते बालकाच्या यकृतात साठत जाते. मातेच्या दुधात मात्र तांबे अल्प असते. पितळी भांडे असलेल्या प्रत्येक घरात रोग झाला नाही, हेही खरे. काही मुलांत उपजत दुर्बलता असावी. तथापि ऑस्ट्रियातील तिरोल प्रांतातही १९०० ते १९७४ या काळात अशाच यकृतविकाराने १३८ बालके दगावली, आणि तांब्याची भांडी मागे पडताच तो रोग नाहीसा झाला.

पेनिसिलामाइन हे औषध तांब्यास बांधून मूत्रावाटे बाहेर काढते. पुण्यातील मुलांवर त्याचे प्रयोग झाले व आरंभीच्या अवस्थेतील काही मुले त्याने वाचली. कावीळ व जलोदर झाल्यावर मात्र त्याचा उपयोग फारसा होईना. रोगास खरा उतार पडला तो घरोघरी स्टेनलेस स्टीलचे पातेले आले तेव्हा. आज हा रोग क्वचितच आढळतो.

शिशाच्या विषबाधेचा विचार याच अनुभवाच्या प्रकाशात करणे इष्ट आहे. तांबे शरीरास अल्प प्रमाणात लागते. शिसे मुळीच लागत नाही, आणि त्याचा घाव बालकाच्या मेंदूवर पडतो. मूल प्रौढापेक्षा अधिक शिसे शोषून घेते. लोह व कॅल्शियम कमी असल्यास त्याहून अधिक. २००० साली देशात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित झाले. परंतु जुन्या भिंतींचे पोपडे, वस्तीत फोडल्या जाणाऱ्या जुन्या बॅटऱ्या, भेसळीची हळद आणि कल्हईच्या कथलात मिसळलेले शिसे यांवर अशा तारखांचा परिणाम होत नाही.

निदान रक्ततपासणीनेच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार १०० मिलिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम शिसे आढळले तरी त्याचे मूळ शोधावयाचे. १० वर्षांपर्यंतच्या मुलांत ४५ वा अधिक असल्यास शिसे बांधणारे औषध द्यावयाचे. त्यांपैकी सक्सिमर तोंडाने देता येते. मेंदूस सूज आली असता इंजेक्शने व रुग्णालय अपरिहार्य ठरते. औषध चालू असताना मूल त्याच धुळीत परत गेले, तर रक्तातील शिसे पुन्हा चढते. हाडांत साठलेले शिसेही हळूहळू रक्तात उतरते, म्हणून तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. बुद्धीची झालेली हानी औषधाने भरून येत नाही.

अलीकडे तांब्या-पितळेची भांडी हौसेने पुन्हा घरात येत आहेत. तांब्याच्या भांड्यातील पाणी मोठ्यांनी पिणे निराळे आणि तान्ह्याचे दूध त्यात तापविणे निराळे. कल्हई झिजली की खालचा धातू उघडा पडतो. आणि नवी कल्हई शुद्ध कथलाची की शिसेमिश्रित, हे चकाकीवरून ओळखता येत नाही.