वाचकाला भाव सांगण्याचा हक्क



मराठी ई-बुक आणि ऑडिओबुक महाग का, असा जाब आपण प्रकाशकाला विचारतो. आज या व्यासपीठावरून तो अ‍ॅप स्टोअरच्या मालकांना विचारला पाहिजे. अ‍ॅपलने २००८ मध्ये ३० टक्के कमिशनचा पायंडा पाडला आणि गूगलने तोच गिरवला. २०२१ पासून छोट्या विक्रेत्यांसाठी दर १५ टक्क्यांवर आला, म्हणून समाधान मानावे असे सांगितले जाते. मी मानत नाही. अ‍ॅपमधून छापील पुस्तक मागवले तर हे कमिशन लागत नाही. तेच पुस्तक ई-बुक म्हणून विकले की लागते. अ‍ॅप तपासण्याचा खर्च दोन्हीकडे सारखाच. तेव्हा हा सेवेचा मोबदला नाही. जिथे दुसरी वाट बंद करता येते, तिथे बसवलेली ही जकात आहे.

पुस्तकविक्रेताही कमिशन घेतोच, असे कोणी म्हणेल. घेतो, कधी याहून जास्तही घेतो. पण पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातला विक्रेता पुस्तकात छापलेला प्रकाशकाचा पत्ता खोडत नाही. अ‍ॅपलने नेमके तेच केले. या कंपनीच्या नियमांमुळे २०११ मध्ये आयफोनवरच्या किंडल अ‍ॅपमधून ई-बुकच्या दुकानाकडे नेणारे बटण काढावे लागले. ते २०२५ मध्ये परतले, तेही न्यायालयाने कान उपटल्यावर आणि केवळ अमेरिकेत. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्ले स्टोअरवर स्वतःच्याच पेमेंट यंत्रणेची सक्ती केल्याबद्दल गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. अपिलात तो २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला. दरम्यान गूगलने दुसऱ्या मार्गाने पैसे घ्यायची मुभा दिली, पण कमिशन कमी केले ते फक्त ४ टक्क्यांनी. म्हणजे पैसे त्यांच्या यंत्रणेतून गेले नाहीत, तरी मोठा वाटा त्यांचाच. १ मार्च २०२४ ला याच वादात कुकू एफएम या ऑडिओ मंचासारखी भारतीय अ‍ॅप गूगलच्या स्टोअरवरून काढली गेली आणि सरकारने हस्तक्षेप केल्यावर परत आली. ज्याच्या हाती दारही आहे आणि कडीही, त्याच्याशी वाटाघाटी बरोबरीने होत नाहीत.

कमिशन घटले तरी किंमत घटणार नाही, फरक प्रकाशकाच्या खिशात जाईल, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. काही ठिकाणी तसे होईलही. पण यूट्यूब प्रीमियमची वर्गणी आयफोनच्या अ‍ॅपमधून घेतली तर वेबसाइटपेक्षा महाग पडते. कमिशन ग्राहकाच्या माथी कसे येते, ते यात उघड दिसते. शिवाय फरक लेखकाच्या मानधनात गेला तर त्यात गैर काय? १०० रुपयांच्या पुस्तकात स्टोअरचे १५ आणि लेखकाचे १० हा हिशेब कोणत्या न्यायात बसतो? तरी फुकट सेवेची मागणी मी करत नाही. सेवेचा खर्च जरूर घ्या. पण आमच्या संकेतस्थळावरची किंमत अ‍ॅपमध्येच लिहिण्याची आणि तिथे नेणारी लिंक देण्याची मोकळीक द्या, आणि त्या विक्रीवर हात मारू नका. या मागणीचा ठराव आजच्या खुल्या अधिवेशनात मांडला जावा. सूचक म्हणून पहिली सही माझी असेल.